शिवली की नाही

गळ्यात शिट्टी असायची म्हणून लोकांना वाटायचं, ही बाई कुणाला भीत नाही. खरं सांगायचं तर नोकरीची सगळी वर्षं मी भीत भीतच मैदानावर उभी राहिले. पोरगी पडेल का, पडली तर हात मोडेल का, हात मोडला तर तिचं लग्न मोडेल का, आणि लग्न मोडलं तर तिचा बाप माझं काय काय मोडेल, अशी ती साखळी होती. माझे यजमान कचेरीत कारकून होते. ते म्हणायचे, "तुझी शिट्टी इतकी जोरात वाजते ती फुंकरीनं नव्हे, धडधडीनं." थट्टा होती, पण खोटी नव्हती.

मी मुलींच्या शाळेत कवायत आणि खेळ शिकवत असे. गाव राहुरी तालुक्यातलं, देवळाली प्रवरेच्या बाजाराला चालत जाऊन यावं इतक्या अंतरावरचं. नाव लिहीत नाही. ज्यांच्याविषयी लिहिते आहे त्यांची नातवंडं अजून तिथं ऊस पिकवतात, आणि माझा स्वभाव निवृत्तीनंतर बदललेला नाही.

काळ चाळीस सालानंतरचा. शाळांतून शारीरिक शिक्षण सक्तीचं झालं, मुलींना शिकवायला बाईच हवी असं ठरलं, आणि गावात जी एकुलती एक तरुण शिक्षिका होती तिला एका उन्हाळ्यात शिक्षणक्रमाला धाडण्यात आलं. ती मी. तिथं लेझीम, डंबेल्स, लंगडी, खो-खो, थोडं शरीरशास्त्र आणि 'व्यायामविषयक आजचे प्रश्न' असा एक विषय होता. स्त्रियांनी धावावे काय, स्पर्धा असावी की नुसता खेळ, युद्धाच्या दिवसांत दूध न मिळणाऱ्या मुलांना किती व्यायाम द्यावा, असे प्रश्न. शिकवणारे गृहस्थ खर्जात सांगत आणि आम्ही उतरवून घेत असू. 'क्रीडांगणावर सर्व भेद आपोआप लोपतात' हे वाक्य त्यांनी दोनदा सांगितलं. मीही ते दोनदा लिहिलं.

गावात आले आणि पहिला प्रश्न समोर आला तो बेंबीचा. मुलीनं उडी मारली की बेंबी सरकते आणि पुढं मूल राहत नाही, अशी बायकांची पक्की समजूत होती. एक आजी तर नातीवर पहारा करायला रोज मैदानाकडेच्या लिंबाखाली येऊन बसायच्या. मी त्यांना एकदा म्हटलं, "आजी, तुम्ही दोन दोन घागरी डोक्यावर घेऊन विहिरीच्या पायऱ्या चढलात, तेव्हा नाही सरकली?"

"ते काम हुतं बाई," आजी म्हणाल्या. "कामानं काय हुत न्हाई. ह्यो खेळ हाय."

मी आजींना घोटभर चहा पाजू लागले आणि त्यांची नात हळूहळू उड्या मारू लागली.

दुसरा प्रश्न कावळ्याचा. मुलगी चार दिवस बाजूला बसली की "कावळा शिवला" म्हणायचं. त्या दिवसांत ती मैदानावर आली तरी कुणी तिला शिवायचं नाही. आता खो-खोत प्रत्येक संघाच्या पाठलागाच्या आणि पळतीच्या डावाला 'पाळी' म्हणतात. तो शब्द मैदानात मोठ्यानं उच्चारायला आमच्या मुख्याध्यापिकेनं, मोठ्या बाईंनी, मला बंदी केली होती. "डाव म्हणा, काही म्हणा, पण ते नको. रस्त्यावरून माणसं जातात." मी डाव म्हणू लागले. भित्र्या माणसाला शब्द बदलणं सोपं जातं.

पण एक शब्द बदलता येण्यासारखा नव्हता, आणि सगळं त्याच्यावरच आलं. तो म्हणजे शिवणं.

ज्यांनी खो-खो पाहिला नसेल त्यांच्यासाठी सांगते. दोन खांबांच्या मधल्या पट्टीवर पाठलाग करणाऱ्या संघाच्या आठजणी एकीआड एक उलट्या तोंडानं बसतात, नववी धावते. दमली किंवा दिशा बदलायची झाली की ती बसलेलीच्या पाठीवर हात मारून "खो" म्हणते, मग ती उठून धावते. पळणाऱ्या संघाच्या तिघी तिघी आत येतात. हातानं शिवलं की पळणारी बाद. आणि तिन्ही बाद झाल्याखेरीज पुढच्या तिघी आत येत नाहीत. एवढा एक नियम वाचकांनी ध्यानात ठेवावा. शिवल्याशिवाय हा खेळ पुढं सरकत नाही.

स्वातंत्र्य आलं त्याच्या पुढच्या थंडीत वरून हुकूम आला, सगळ्या जातींच्या मुली एकत्र बसवा. आमच्या शाळेत महारवाड्यातली, तेव्हा तसंच म्हणत, एकच मुलगी होती. भागीरथी तिचं नाव, सगळे भागी म्हणत. तिचे वडील रंभाजी साखर कारखान्यावर कामाला होते. अंगानं काडी, पायानं वारा. हुकुमाप्रमाणे मोठ्या बाईंनी तिला ओसरीतून वर्गात घेतलं आणि दाराशी बसवलं. मैदानाला दार नव्हतं. तिथं तिला कुठं बसवायचं हे मला कुणी सांगितलं नाही, म्हणून मी तिला खेळायला उभी केली.

पहिल्याच दिवशी तिच्याबरोबरच्या दोघी बाद झाल्या आणि ती उरली. पाठलागाला विमल होती. विमल आमची कप्तान, शाळेच्या कमिटीवरच्या अण्णांची मुलगी, उंच आणि चपळ. ती भागीच्या मागे सुसाट गेली, हातभर अंतरावर पोचली आणि थांबली. खो दिला. दुसरी उठली, धावली, थांबली. तिसरीचंही तेच. मग विमलनं लिंबाची एक काडी मोडून घेतली, पुढच्या खेपेला ती भागीच्या दंडाला लावली आणि ओरडली, "शिवलं!"

मी शिट्टी मारली. "काडीनं शिवलेलं चालत नाही."

"मग कशानं शिवू बाई?"

"हातानं."

विमलनं खाली पाहिलं. वाईट मुलगी नव्हती ती. हलक्या आवाजात म्हणाली, "आई घरात घ्यायची न्हाई. ह्या थंडीत डोक्यावरनं गार पानी घ्यावं लागतंय, बाई."

माझ्याही घरी सासूबाईंचं सोवळं होतं. हात धरल्याशिवाय लेझीम शिकवता येत नाही, तेव्हा मी शाळेत सगळ्यांना शिवत असे आणि घरी गेल्यावर अंघोळ करूनच स्वयंपाकघरात पाऊल टाकत असे. दोन्हीकडची भीती अशी भागवत होते.

डाव संपला. भागी कुणाच्याही हाती न लागता मैदानात एकटी उभी होती. बाद झालेल्या मुली एका कडेला दाटीवाटीनं बसून खिदळत होत्या. तिकडं पाहत ती मला म्हणाली, "बाई, मी बाद कवा हुनार?"

मला वाटलं, ही गंमत करते आहे. ती गंमत करत नव्हती. तिला त्या दाटीत जाऊन बसायचं होतं, आणि तिथं जायची वाट कुणाच्या तरी हातातूनच जात होती.

एका दुपारी अण्णा रस्त्यानं चालले होते ते कुंपणाशी थांबले. पांढराशुभ्र फेटा, उसाच्या पैशानं आलेली ऐट, आणि माणूस हसतमुख. मला हसतमुख माणसांची जास्तच भीती वाटते. त्यांनी सगळा डाव पाहिला. तीन वेळा पोरी भागीपाशी जाऊन थांबल्या तेही पाहिलं. मग मला हाक मारली.

"बाई, तुमच्याकडं हुकमाचा एक्का हाय की!"

मला कळेना.

"आवो, हिला पैल्या तिघींत घाला. हिला कोन शिवतंय? ही बाद न्हाई, म्हंजी पुढच्या तिघी न्हाईत. दोन गुणांवर डाव गुंडाळला त्यांचा!" त्यांनी मांडीवर थाप मारली. "ढाल आली आपल्या गावात."

तालुक्यातल्या मुलींच्या शाळांचे सामने संक्रांतीनंतर व्हायचे. ढाल दर वर्षी नदीपलीकडच्या एका गावाला जायची, यंदा आमचा सामना त्याच गावाशी, त्यांच्याच मैदानावर होता, आणि त्या गावाचं नाव काढलं की अण्णांचं तोंड आंबट व्हायचं. मी चाचरत म्हटलं, "अण्णा, पण पाठलागाच्या डावात तिला बसवावी लागेल. आपल्याच मुलींनी तिला खो द्यायला हवा."

"शेवटच्या घरात बसवा, खांबापाशी. आन खो देऊच नगा. बसंल गप."

मोठ्या बाईंकडे गेले. त्या चष्मा पुसत म्हणाल्या, "अण्णांना नाही कोण म्हणणार? तुम्ही म्हणता?" मीही तसं म्हटलं नाही.

दोन दिवसांनी रंभाजी आमच्या घराशी आले. पायरीच्या खाली, रस्त्यात उभे राहिले. वर या म्हणायची माझी छाती झाली नाही, आणि म्हटलं असतं तरी ते आले नसते. कारखान्यावरची खाकी अर्धी चड्डी, हातात टोपी.

"बाई, भागीला नगा नेऊ."

"का हो? चांगली पळते ती."

"पळती म्हनूनच म्हनतो. त्या गावाला आमची सोयरीक हाय, मला ठावं हाय ते गाव. पोरीला कुनी शिवलं तर इटाळ केला म्हनून मारत्याल. कुनीच न्हाई शिवलं तर ढाल नेली म्हनून मारत्याल. आन न्हाई आली तर आमचे आन्ना हितं बसलेत."

"मग काय करायचं?"

"तुमी शिकलेल्या हाव. तुमीच सांगा."

आत सासूबाई खाकरल्या. रंभाजींनी टोपी डोक्यावर ठेवली आणि ते निघून गेले. भागीला मात्र आनंद मावेना. ती मला म्हणाली, "त्या गावच्या पोरी मला वळखत न्हाईत, व्हय ना बाई?" त्यात तिची केवढी आशा होती ते मला तेव्हाच समजलं, आणि माझी भीती दुप्पट झाली.

सामन्याला आम्ही बैलगाड्यांनी गेलो. भागी शेवटच्या गाडीच्या टोकाला, पाय बाहेर सोडून. रंभाजी आणि त्यांच्या वस्तीतले दोघे गाड्यांमागून बरंच अंतर ठेवून चालत होते. मैदान नदीकाठच्या चिंचांखाली आखलेलं होतं. मुलींचा खेळ पाहायला पुरुष एवढे जमलेले मी पहिल्यांदाच पाहिले. काहींच्या हातात काठ्या होत्या. शेतकऱ्याच्या हातात काठी असतेच, असं मी स्वतःला सांगत होते.

त्या पोरी भागीला ओळखत नव्हत्या हे खरं, पण बातमी माणसांआधी पोचते. पहिला डाव आमच्या पाठलागाचा झाला. भागी खांबाजवळच्या घरात पाठ ताठ करून बसली होती. विमल दोनदा तिच्यापाशी येऊन वळून गेली. दोन्ही खेपेला भागीची पाठ खो घ्यायला पुढं झाली आणि पुन्हा मागं आली. आम्ही पाचजणी बाद केल्या.

मग आमची पळती. पहिल्या तिघींत भागी. बरोबरच्या दोघी लवकरच बाद झाल्या, आणि अण्णांनी योजलं होतं तसंच घडू लागलं. समोरची पोर धावत यायची, थांबायची, खो द्यायची. भागी धावायची ते उगाच, कारण मागं कुणी येतच नव्हतं. थोड्या वेळानं ती नुसती उभीच राहिली.

गर्दीत आधी हशा झाला, मग कुजबुज, मग एकजण ओरडला, "ह्यो खेळ हाय का चावटपना? भाईर काढा तिला!" आमच्या बाजूनं अण्णांनी उत्तर दिलं, "काढा की! शिवा आन काढा!" आमची माणसं हसली. त्यांची माणसं दोरीच्या आत आली. एक ढेकूळ भागीच्या पायाशी येऊन फुटलं. पंच म्हणून तालुक्याहून एक मास्तर आले होते. त्यांनी शिट्टी तोंडात धरली होती, पण वाजवत नव्हते. मी रंभाजींना शोधलं. ते लांब एका चिंचेपाशी उभे होते आणि त्यांच्याभोवती अनोळखी चार माणसं येऊन उभी राहिली होती.

तेवढ्यात पट्टीच्या मधल्या घरातली एक बुटकी पोर खो मिळून उठली. कमळ तिचं नाव, हे मला नंतर कळलं. इतका वेळ बसून ती चिडली होती, की खेळाच्या नादात तिला बाकी सगळ्याचा विसर पडला, देव जाणे. ती तिरासारखी निघाली. भागीनं ते पाहिलं आणि भागीही पळाली. किती दिवसांनी ती खरोखरीची पळत होती! खांबाला वळसा घातला, हूल दिली, पुन्हा वळली, आणि कमळनं अंग झोकून तिच्या पाठीत असा धपाटा घातला की तो आवाज मला ऐकू आला.

भागी वळली. तिच्या तोंडावर हसू होतं. बाद झालेल्या मुलींकडे जायला तिनं पाऊल उचललंसुद्धा. आणि कमळ आपल्या तळहाताकडे पाहत उभी होती.

गर्दीतून एक काठीवाला पुढं आला, तिचा चुलता असावा. "शिवली का गं?" त्यानं विचारलं. कमळनं तळहात मिटून घेतला. "शिवली का म्हन्तो?"

मग जे झालं ते मी कोणत्याही शिक्षणक्रमात शिकले नव्हते. कमळची कुणी म्हातारी ओरडली, "न्हाई शिवली! म्या बघितलं. हातभर लांब हुती पोर!" आणि आमच्या बाजूनं अण्णा ओरडले, "न्हाई शिवली! आमचीबी मानसं बघत हुती!" कमळला विटाळ लागू नये म्हणून एका गावाला ती शिवलेली नको होती. ढाल जाऊ नये म्हणून दुसऱ्या गावालाही नको होती. घटकेपूर्वी एकमेकांची टाळकी फोडायला निघालेली माणसं एका सुरात सांगू लागली, न्हाई शिवली, न्हाई शिवली. मुलगी बाद झाली की नाही हे पंचानं ठरवायचं असतं, खेळाडूला विचारायचं नसतं. हा आमच्या धंद्यातला पहिला धडा. पंच माझ्याइतकेच घाबरले होते. ते भागीकडे वळले.

"काय गं, हिनं शिवलं का तुला?"

मी तोंड उघडलं होतं. त्यातून काय बाहेर पडलं असतं हे मला आजही सांगता येत नाही. खरं बोलले असते असं लिहायला मला आवडेल.

भागीनं कमळकडे पाहिलं. तिच्या चुलत्याची काठी जमिनीवरून उचललेली होती. मग भागीनं लांब चिंचेकडे, वडलांकडे पाहिलं. तोंडावरचं हसू तिनं कुठं ठेवलं कोण जाणे.

"न्हाई गुर्जी," ती म्हणाली. "वारा लागला."

लोक मोकळेपणानं हसले. पंचांनी शिट्टी वाजवली. काठीवाला मागं गेला. कमळला पट्टीवर बसवलं आणि पुन्हा उठू दिलं नाही. उरलेला डाव भागी मैदानाच्या मधोमध उभी राहिली आणि तिच्या आसपास कुणी फिरकलं नाही. आम्ही जिंकलो. अण्णांनी गूळ वाटला. भागीच्या वाट्याचा गूळ विमलनं पानावर ठेवून ते पान जमिनीवर ठेवलं, आणि विमलचे डोळे भरले होते हे मी पाहिलं.

परत निघताना ढाल पहिल्या गाडीत होती. मी शेवटच्या गाडीत चढले. भागीला धीर द्यायला, असं सगळ्यांना सांगितलं. खरं म्हणजे कुणी मागून येईल म्हणून मला तिला एकटी सोडायची भीती वाटत होती. उन्हं कलली होती. रंभाजी मागून चालत होते. मुलीनं काय केलं ते त्यांना समजलं असणार, ते अधूनमधून तिच्याकडे पाहून मान हलवत होते.

नदी ओलांडून गाडी उसाच्या मधल्या वाटेला लागली, तशी भागी माझ्याकडे सरकली.

"बाई, जरा माझ्या पाठीवर बघता? वळ उठलाय का?"

पोलक्याची मागची वरची गुंडी काढून मी पाहिलं. वळ नव्हता. लालीसुद्धा नव्हती, एवढ्या वेळात होती तीही विरली असेल. तिनं श्वास धरून ठेवलेला माझ्या हाताला कळत होता. मी दोन बोटं तिच्या पाठीवर टेकवली आणि म्हणाले, "उठलाय की. चांगला पाची बोटांचा उठलाय."

"व्हय?"

"हो."

तिनं सोडलेला श्वास मला ऐकू आला. मग तिनं मागं चालणाऱ्या माणसांकडे पाहिलं आणि घाईघाईनं म्हणाली, "गुंडी लावा बाई. कुनाला दिसंल."